कोरियातले तीन, घरचे आणि दफ्तरचे



समजा, तुम्ही कोरियातल्या एखाद्या बाजारात उभे आहात. समोर सफरचंदांची रास आहे आणि तुम्हांला त्यांतली तीन हवी आहेत. ती भाषा नुकतीच शिकू लागलेल्या माणसाला अगदी सुरुवातीला जी वाक्ये शिकवतात, त्यांतले एक तुमच्या उपयोगी पडेल: ‘साग्वा से गे जुसेयो.’ साग्वा म्हणजे सफरचंद, से म्हणजे तीन, गे म्हणजे नग आणि जुसेयो म्हणजे द्या. ‘सफरचंद तीन नग द्या.’ क्रियापद शेवटी, अगदी आपल्यासारखे. फक्त आकडा वस्तूच्या मागून येतो आणि आकड्यामागून नग येतो. सफरचंदाचे ‘सफरचंदे’ करावे लागत नाही. तीन नग म्हटले की अनेकवचन त्यातच आले. आपला वाणी बिलावर ‘नारळ २ नग’ असे लिहितो ना, तशातला हा प्रकार.

आता बाई सफरचंदे पिशवीत घालते आणि पैसे मागते: ‘साम छॉन वॉन.’ तीन हजार वॉन. वॉन हे तिकडचे नाणे. आणि इथे नवशिका माणूस गोंधळतो. आत्ताच तर तीनला ‘से’ म्हणाले होते! मग हे ‘साम’ कुठून आले?

दोन्ही तीनच आहेत. कोरियन भाषेत आकड्यांच्या दोन रांगा आहेत. एक घरची: हाना, दुल, सेत्, नेत्, दासॉत्, यॉसॉत्, इल्गोप, यॉदॉल, आहोप, यॉल. नगापुढे बोलताना यांतले पहिले चार आखूड होतात. हानाचे हान, दुलचे दू, सेत्‌चे से, नेत्‌चे ने. दुसरी रांग चीनमधून आलेली: इल, ई, साम, सा, ओ, युक, छिल, फाल, कू, शिप. सफरचंदे, पुस्तके, गाई, माणसे, माणसाचे वय, हे सारे घरच्या रांगेने मोजायचे. तारीख, साल, पैसे, घराचे मजले, ही दुसऱ्या रांगेने. घड्याळाची तर मौजच आहे. साडेतीन वाजले हे सांगताना तास घरच्या आकड्याने सांगतात आणि मिनिटे चिनी आकड्याने. एकाच वाक्यात दोन्ही रांगा.

शिकणाऱ्याला ही कटकट वाटते. पण तुम्ही-आम्ही ज्याला कटकट म्हणतो, तिच्या पोटात पुष्कळदा इतिहास दडलेला असतो. हातात धरून जे मोजले, ते घरच्या शब्दांत राहिले. वहीत लिहून जे मोजले, ते परक्या शब्दांत गेले. हे कसे घडले, ते आज सांगायचे आहे.

पण त्याआधी या ‘नगां’कडे जरा नीट पाहू या, कारण गंमत तिथेच आहे. ‘गे’ हा सर्वसाधारण नग. तो कशालाही चालून जातो. पण जाणता माणूस सगळ्याला ‘गे’ म्हणत नाही. पुस्तकांना ‘ग्वॉन’, कागदासारख्या सपाट वस्तूंना ‘जांग’, घरांना ‘छे’, जोड्यांना ‘ख्यॉल्ले’, कोबीच्या गड्ड्यांना ‘फोगी’. ‘जारू’ म्हणजे दांडा किंवा मूठ. म्हणून मूठ असलेली हत्यारे जारूने मोजतात. चाकू एक जारू, कुदळ एक जारू, आणि शाळकरी पोराची पेन्सिलही एक जारू! कुदळ आणि पेन्सिल एकाच मापात बसवणारी ही भाषा शेतकऱ्याची आहे, हे सांगायला पंडित नको. झाडांना काय म्हणतात, ठाऊक आहे? ‘गुरु’. झाडाचा बुंधा असा त्याचा मूळ अर्थ. पाच झाडे म्हणजे ‘दासॉत् गुरु’. आपल्या गुरुजींशी याचा काडीमात्र संबंध नाही, तेव्हा शिक्षक मंडळींनी रागावू नये.

जनावरांना ‘मारी’. गाय एक मारी, मांजर दोन मारी, मासा तीन मारी. जुन्या कोरियन भाषेत मारी म्हणजे डोके. आपणही गुरांची डोकी मोजतोच की.

बाजारातली खरी श्रीमंती मात्र गठ्ठ्यांच्या शब्दांत आहे. बांगड्यासारखा एक मासा तिकडे फार खातात. त्याचे दोन मासे, एक मोठा आणि एक लहान, मिळून एक ‘सोन’ होतो. सोन म्हणजे हात. एका हातात धरून न्यावा असा सौदा. दोरीत ओवलेले वीस मासे म्हणजे एक ‘दुरुम’. सुक्या पोलॉक माशांचे वीस असले, तर मात्र एक ‘ख्वे’. माकूळ सुकवून त्याचे वीस केले की एक ‘छुक’. वीसच, पण प्रत्येक माशाच्या विसाला नाव वेगळे! आपल्याकडे विसाची एक कोडी, तिच्यात काहीही घाला. तिकडे कोडीसुद्धा माल पाहून नाव बदलते. समुद्रातल्या शेवाळाचे पापडासारखे पातळ पत्रे करतात, त्यांचे शंभर म्हणजे एक ‘थोत्’. लसणाचे शंभर गड्डे म्हणजे एक ‘जॉप’. सुया चोवीस झाल्या की एक ‘स्साम’. काढ्याच्या पुड्या वीस झाल्या की एक ‘जे’. आजच्या कोरियन तरुणाला यांतले निम्मे शब्द येत नाहीत. दुकानात तोही ‘गे’ म्हणून मोकळा होतो. पण कोशात ते आहेत. कोशात ते कसे राहिले, त्यालाही एक कथा आहे. ती पुढे येईल.

आता जुन्या काळाकडे वळू.

१९३३ साली जपानमधल्या नारा शहरी शोसोइन नावाच्या जुन्या भांडारात एका बौद्ध ग्रंथाच्या वेष्टनाची दुरुस्ती चालू होती. त्या वेष्टनात जुना रद्दी कागद डकवलेला निघाला. रद्दी कसली, ते कोरियातल्या सिल्ला राज्याचे गावदफ्तर होते! आजच्या छॉंगजू शहराच्या बाजूची चार खेडी. कागद सातव्या शतकातला की नवव्या, यावर पंडितांचे एकमत नाही; ते सोडून देऊ. त्यातले एक गाव पाहा: माणसे १४७, घोडे २५, गाई-बैल २२, तुतीची झाडे १००४, खाण्याच्या बिया देणारी पाइनची झाडे १२०, अक्रोडाची ११२. माणसांची नोंद वयाप्रमाणे आणि स्त्री-पुरुष अशी वेगवेगळी. गेल्या तीन वर्षांत कोण जन्मले, कोण मेले, कोण गाव सोडून गेले, हे सगळे त्यात आहे. तुतीची झाडे एवढी बारकाईने का मोजली, हे रेशमाचे किडे पाळणाऱ्याला सांगायला नको. तलाठ्याचे दफ्तर म्हणतात ते हेच.

हे दफ्तर सगळे चिनी अक्षरांत लिहिलेले आहे. तेव्हा कोरियाला स्वतःची लिपी नव्हती. गावचा म्हातारा आपली गुरे हाना, दुल, सेत् अशीच मोजत असणार. पण कारकुनाच्या लेखणीतून उतरताना त्याचे इल, ई, साम झाले. म्हाताऱ्याने काय म्हटले ते कागदावर आलेच नाही. कागदावर आले ते कारकुनाचे.

मग जुने घरचे आकडे आपल्याला कळले कसे? त्याचे थोडे श्रेय एका परक्या पाहुण्याला जाते. ११०३ साली चीनच्या सुंग दरबारातून सुन मू नावाचा एक अधिकारी वकिलातीबरोबर कोरियात आला. तेव्हा तिथे गोर्यो राज्य होते. या गृहस्थाला लोकांची बोली टिपून घेण्याची हौस होती. त्याने साडेतीनशेच्या आसपास कोरियन शब्द, कानाला जसे ऐकू आले तसे, चिनी अक्षरांच्या उच्चारांनी लिहून ठेवले. त्यांत एकपासूनचे आकडे आहेत, आणि ‘शंभर’साठी त्याने दिलेला शब्द आहे ‘ऑन’ किंवा ‘ओन’च्या जवळचा. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी कोरियन माणसाला शंभरसाठी आपला शब्द होता. हजारासाठीही होता, ‘जुमुन’. पंधराव्या शतकातल्या कोरियन ग्रंथांत हे दोन्ही शब्द भेटतात.

आज विचाराल, तर शंभर म्हणजे ‘बेक’ आणि हजार म्हणजे ‘छॉन’. दोन्ही चिनी. घरची रांग नव्व्याण्णवावर संपते. त्यापुढे ती जातच नाही. एकशेपाच सफरचंदे घ्यायची असली तर ‘बेक दासॉत् गे’ म्हणावे लागते. शंभर परका, पाच घरचा. ठिगळ लावलेल्या सदऱ्यासारखा हा आकडा आहे, आणि ठिगळ कुठे लागले ते उघड दिसते.

शंभरच्या वरचे घरचे शब्द का गेले? मला वाटते, कारण साधे आहे. शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहारात शंभरावर मोजण्याचे प्रसंग थोडे. मोठे आकडे लागतात ते सारावसुलीला, फौजेला, कोठाराला. ते दफ्तर चालवणारे लोक चिनी शिकलेले. ९५८ साली ग्वांगजोंग राजाने चिनी पद्धतीच्या राजसेवेच्या परीक्षा सुरू केल्या, आणि तेव्हापासून जवळजवळ साडेनऊशे वर्षे, १८९४ पर्यंत, ज्याला मोठे व्हायचे त्याने चिनी ग्रंथ पाठ करायचे, अशी रीत पडली. मोठा आकडा ज्याच्या वहीत, त्याच्याच भाषेत तो राहिला. आपल्याकडचे पाहा. पूजेत आपण सहस्र म्हणतो, पण बाजारात आणि कचेरीत हजार. हा हजार फारसीचा. पाहुणा म्हणून आला आणि ओटीवरून माजघरात गेला. फरक एवढाच की आपले सहस्र देवघरात तरी उरले. कोरियाचे जुमुन तिथूनही गेले होते. २००० साली जन्मलेल्या बाळांना काही हौशी लोकांनी ‘जुमुनदुंगी’, म्हणजे सहस्रकाची बाळे, असे नाव दिले, तेव्हा तो शब्द पुन्हा वर्तमानपत्रांत दिसला.

शेताच्या मापातही हीच जोडी दिसते. सरकारचे माप ‘ग्यॉल’. हा चिनी शब्द, आणि त्यात जमिनीच्या क्षेत्रापेक्षा तिच्या पिकाचा हिशेब अधिक. रयतेचे माप ‘माजिगी’. म्हणजे एक ‘माल’ बियाणे जेवढ्यात पेरले जाईल तेवढी जमीन. माल हे आपल्या पायलीसारखे धान्याचे माप. म्हणून माजिगी गावोगाव लहानमोठी असे. चांगल्या जमिनीत बी कसे पडते आणि हलक्या जमिनीत कसे, हे शेतकऱ्याला कळते. फूटपट्टीला कळत नाही. बियाण्यावरून शेत सांगणे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनाही नवे नाही.

या दोन मापांच्या मध्ये एकदा एक राजा उभा राहिला. त्याचे नाव सेजोंग. १४३० साली त्याने शेतसाऱ्याची नवी पद्धत सुचवली आणि ती लागू करण्याआधी लोकांचे मत घेण्याचा हुकूम सोडला. अधिकाऱ्यांपासून साध्या शेतकऱ्यांपर्यंत मते विचारली. अनुकूल ९८,६५७ आणि प्रतिकूल ७४,१४९. पंधराव्या शतकातली गोष्ट आहे बरं का! बहुमत असूनही राजाने घाई केली नाही; वाद, दुरुस्त्या, पुन्हा चाचण्या असे करत शेवटी १४४४ साली जमिनीचे सहा दर्जे आणि पीकपाण्याचे नऊ दर्जे धरून कायदा पक्का झाला.

याच राजाने १४४३ साली आपल्या लोकांसाठी नवी लिपी तयार केली आणि १४४६ साली ती जाहीर केली. तीच आजची हंगुल. तिच्या मूळ ग्रंथात राजाची छोटी प्रस्तावना चिनी भाषेत आहे. मागाहून तिचे कोरियन भाषांतर झाले. त्यात नव्या लिपीतली अठ्ठावीस अक्षरे ज्या आकड्याने सांगितली आहेत, तो आकडा घरचा आहे. चिनी रांगेतला ‘ई-शिप-फाल’ न घालता ‘सुमुल-यॉदॉल’ घातला, तोही त्याच नव्या अक्षरांत लिहून. सहाशे-सातशे वर्षांमागे गावच्या म्हाताऱ्याच्या तोंडात जे होते, ते आता पहिल्यांदा जसेच्या तसे कागदावर उतरू शकत होते. तरी दफ्तरे चिनीच राहिली. हंगुल पुष्कळ काळ बायकांच्या पत्रांत, गोष्टींच्या पोथ्यांत, सामान्यांच्या हातात राहिली. दरबारातली विद्वान मंडळी तिला हलकीच समजत.

इथवर वस्तूंचे झाले. आता माणसांकडे येऊ. खरा पेच इथेच आहे.

आपण मराठीत ‘तीन बैल’ म्हणतो, पण माणसे असली की ‘तिघे’ म्हणतो. ‘चौघे बैल’ कोणी म्हणत नाही. कोरियन भाषेत हा भेद नगाच्या शब्दाने होतो. माणसांना ‘म्यॉंग’, त्याचा मूळ अर्थ नाव. पाच मित्र म्हणजे मित्र पाच नावे. आणि आदराचे माणूस असले तर ‘बुन’. ‘सॉन्सेंगनिम हान बुन’, म्हणजे एक गुरुजी. गुरुजींना ‘मारी’ लावले तर काय होईल, ते सांगायला नको. हे आजचे.

पूर्वीच्या कागदांत आणखी एक शब्द होता: ‘कू’. कू म्हणजे तोंड. खाणारी तोंडे किती, असे आपण म्हणतोच. लोकसंख्येला कोरियन भाषेत आजही ‘इन-कू’, माणसांची तोंडे, म्हणतात. त्यात अपमान नाही. पण जोसॉन राज्यात, म्हणजे सेजोंगच्याच घराण्याच्या राज्यात, ‘नोबी’ नावाचा एक वर्ग होता. पिढीजात गुलाम. बाप मेला की मुलांत वाटणीपत्र होई, आणि त्या एकाच कागदावर अमुक शेते आणि अमुक नोबी असे लिहिले जाई. नोबींच्या आकड्यापुढे नग म्हणून ‘कू’ असे. वाटणीत अर्धा भाऊ इकडे, बहीण तिकडे. स्वतंत्र माणूस नावाने मोजला जाई, नोबी तोंडाने. त्याला नाव नव्हते असे नाही. पण त्याच्या नावाचे मोल त्या कागदावर तोंडाइतकेच होते.

१८०१ साली राजा सुंजो गादीवर होता. वय अवघे अकरा. कारभार राजमाता पाहत होती. त्या वर्षी असा हुकूम निघाला की राजवाड्याकडे आणि सरकारी कचेऱ्यांकडे जे नोबी आहेत त्यांना मुक्त करावे. राजवाड्याकडचे ३६,९७४ आणि कचेऱ्यांकडचे २९,०९३. मिळून ६६,०६७. दरबारी इतिहासात या दोन्ही आकड्यांपुढे तोच शब्द आहे, ‘कू’. आणि नुसता हुकूम काढून ते थांबले नाहीत. नोबींच्या नोंदवह्या बाहेर काढल्या आणि सोलच्या राजवाड्याच्या दोन्हवामुन नावाच्या दरवाज्याबाहेर त्या जाळून टाकल्या.

मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. माणसे वहीत अडकली होती, म्हणून वही जाळावी लागली. यामागे केवळ दया होती असेही समजू नका. नोबी वर्षानुवर्षे पळून जात होते, वही फुगलेली आणि वसुली रोडावलेली, असा प्रकार झाला होता. आणि खाजगी मालकांचे नोबी तसेच राहिले. त्यांची पिढीजात गुलामी १८८६ साली रद्द झाली आणि सगळी गुलामगिरी १८९४ साली, म्हणजे त्या होळीनंतर त्र्याण्णव वर्षांनी. त्याच १८९४ साली सरकारी हुकूम कोरियन लिपीत लिहायचे ठरले आणि त्या जुन्या परीक्षाही बंद झाल्या. तोंडाने मोजणे आणि परक्या अक्षरांत लिहिणे, दोन्हींची सद्दी एकाच वर्षी सरली, याला तुम्ही योगायोग म्हणा किंवा काही म्हणा.

पण लगेच तिसरी रांग दाराशी आली. १९१० साली जपानने कोरिया गिळला. शाळांतून मुले जपानी आकडे घोकू लागली. १९३८ पासून शाळेतली कोरियन भाषा ऐच्छिक झाली आणि पुढच्या काही वर्षांत ती शाळांतून गेलीच. आता घरचे आकडे खरोखरच घरात राहिले.

या काळात काही शिक्षक आणि अभ्यासक मिळून कोरियन भाषेचा मोठा कोश करत होते. १९२९ पासून हे काम चालले होते. शहरात बसून सगळे शब्द मिळत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी आपल्या ‘हंगुल’ नावाच्या मासिकातून गावोगावच्या लोकांना हाक घातली. सुट्टीत घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगितले की आजीआजोबा काय शब्द बोलतात ते टिपून आणा. कोणत्या गावी कशाला काय म्हणतात, याच्या याद्या येऊ लागल्या. शिक्षक मंडळींना मी मुद्दाम सांगतो: असा कोश एकट्या विद्वानाने कधी केलेला नाही. तो असाच होतो.

ऑक्टोबर १९४२ मध्ये जपानी पोलिसांनी धरपकड सुरू केली. हळूहळू ३३ जण या प्रकरणात गोवले गेले. शब्द गोळा करणे हा राजद्रोह ठरला. ई युन-जे आणि हान जिंग हे दोघे हामहुंगच्या तुरुंगात मरण पावले. एक १९४३ च्या डिसेंबरात, दुसरे १९४४ च्या फेब्रुवारीत. कोशाचे हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झाले आणि अपिलाच्या कामी सोलकडे रवाना झाले. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला, कैदी सुटले, पण हस्तलिखित कुठेच सापडेना. तेरा-चौदा वर्षांची मेहनत!

ते सापडले सप्टेंबर १९४५ मध्ये, सोलच्या रेल्वे स्टेशनाजवळच्या मालगोदामात, इतर गाठोड्यांच्या ढिगात. सुमारे साडेसव्वीस हजार पाने. त्यावरून १९४७ साली पहिला खंड निघाला. मधे युद्ध झाले, आणि सहावा खंड १९५७ साली पुरा झाला. वीस माशांची नावे, शंभर लसणांचे नाव, ही असली घरगुती संपत्ती छापील पानावर येण्याची वाट त्या गोदामातून गेली. आता गंमत पाहा. ती पाने कोरियन माणूस कशी मोजील? ‘ई-मान युक-छॉन ओ-बेक जांग.’ सगळा आकडा चिनी. घरच्या शब्दांचा हा एवढा खजिना, पण त्याची पाने मोजायला घरचा हजार नव्हता.

शेवटी, आपल्या माणसांचा या मोजणीशी एकदा जो संबंध आला, तो सांगतो. १९५० साली कोरियात युद्ध पेटले आणि जुलै १९५३ मध्ये ते थांबले. तेव्हा एक मोठा प्रश्न उरला. आपल्या देशी परत जायला जे युद्धकैदी तयार नव्हते, त्यांना कोणी सांभाळायचे? हे काम भारताकडे आले. तटस्थ राष्ट्रांच्या मंडळाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, आणि कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. एका बाजूकडून २२,६०४ कैदी ताब्यात आले, दुसऱ्या बाजूकडून ३५९. कुंपणाच्या आत रोज डोकी मोजायची आणि प्रत्येकाला विचारायचे की बाबा, तुला कुठे जायचे आहे? कैद्यांतही दोन तट होते, मारामाऱ्या होत्या, मोजायला जाणाऱ्या शिपायांवर दगड येत. आकडा जुळला पाहिजे आणि माणूसही दुखावता कामा नये, असे ते अवघड काम.

बहुतेक कैदी या नाही तर त्या बाजूला गेले. थोडे मात्र असे निघाले की त्यांना उत्तरही नको होते आणि दक्षिणही. कोरियन आणि चिनी मिळून असे ८८ जण फेब्रुवारी १९५४ मध्ये आपल्या फौजेच्या पाठोपाठ जहाजाने भारतात आले. पुढे त्यांतले बरेच ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, काही इथेच राहिले.

त्या जहाजाच्या यादीत अखेरीस फक्त ८८ हा आकडा लिहिलेला असेल, तर तो वाचणाऱ्याने कसा वाचावा? कारकुनाने वाचला तर ‘फाल-शिप-फाल म्यॉंग’. आणि गावाकडच्या म्हातारीने आपल्या मुलाची वाट पाहत मोजला, तर ‘यॉदुन-यॉदॉल म्यॉंग’. कोरियन भाषेत दोन्ही बरोबर आहेत, आणि दोन्हींत माणसे नावानेच मोजली आहेत.